खाकी नाव, जावाचे रक्त

मुळा-मुठेच्या पात्रात दिसणाऱ्या एका रानबदकाला मराठीत हळदी-कुंकू बदक म्हणतात. काळ्या चोचीचे टोक पिवळे, बुडाशी लाल ठिपके. ज्याने नाव ठेवले, त्याने पक्षी नीट पाहिला होता. पाळीव जातींच्या नावांवर मात्र असा भरवसा ठेवता येत नाही. आपल्याकडच्या कुक्कुटपालनाच्या पुस्तकांत हमखास भेटणाऱ्या ‘खाकी कॅम्पबेल’ या बदकाचेच पाहा.

अडेल कॅम्पबेल या इंग्लंडमधील ग्लॉस्टरशायरच्या बाई. त्यांनी इंडियन रनर मादीचा रूआँ नराशी संकर केला, पुढे मॅलार्ड या रानबदकाचे रक्त मिसळले आणि 1898 मध्ये नवी जात लोकांपुढे आणली. पिवळसर रंग साधावा म्हणून पुन्हा रनरशी जोड लावली. रंग आला मातकट. ते दिवस बोअर युद्धाचे. लष्करी गणवेशावरून 1901 मध्ये ही जात ‘खाकी’ झाली. हा शब्द फारसी ‘खाक’वरून आलेला, तो रंग गणवेशात रुळवला पेशावरला 1846 मध्ये उभ्या राहिलेल्या गाइड्स पथकाने.

उरला ‘इंडियन रनर’. तो भारतातला नव्हेच. हे ‘इंडिया’ म्हणजे ईस्ट इंडीज. जावा, बाली, लोंबोकच्या भातखाचरांत चरणारे हे बदक. लोंबोकची बदके पेंग्विनसारखी ताठ चालतात, अशी नोंद आल्फ्रेड रसेल वॉलेसने 1869 च्या प्रवासग्रंथात केली आहे.

आता गुण पाहू. खाकी कॅम्पबेल मादी वर्षाला तीनशेपर्यंत अंडी देते आणि क्वचितच खुडूक बसते. त्यामुळे 28 दिवसांची उबवण कोंबडीवर किंवा यंत्रावर सोपवावी लागते. हे दोन्ही गुण रनरमध्ये आधीच होते. कॅम्पबेलबाईंच्या रनर मादीने 196 दिवसांत 182 अंडी दिली होती.

म्हणून मला वाटते, या जातीचे अर्धेअधिक श्रेय भातखाचरांतल्या बदकपाळ्यांचे आहे. भरपूर अंडी देणारी, लांब चालणारी मादी त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या जपली. पुढे बंगळूरजवळच्या हेसरघट्टा येथील सरकारी केंद्रात हेच बदक ‘सुधारित विलायती जात’ म्हणून वाढवले गेले. नावात बाईंचे आडनाव राहिले, फौजेचा रंग राहिला. बदकपाळ्यांची खूण मात्र फक्त अंड्यांच्या हिशेबात उरली.