मेस्त्रींचा शंभराचा बल्ब

आमचे नाते हे गाव महाडहून रायगडाकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर चिंतामणराव देशमुख यांचा जन्म १४ जानेवारी १८९६ रोजी इथलाच. त्याच वर्षी ७ जुलैला मुंबईत वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची हलती चित्रे पहिल्यांदा दाखवली गेली. पुढच्या वर्षी, १८९७ साली, जर्मनीत कार्ल फर्डिनांड ब्राउन यांनी काचेची एक नळी तयार केली. तिच्यात विजेचा किरण पडद्यावर आपटून उजेड पाडत असे. टीव्हीची पिक्चर ट्यूब ही याच नळीची लेक. ती आमच्या अंगणापर्यंत कशी आली आणि आल्यावर वारंवार का बंद पडली, त्याची ही हकीकत आहे.

चित्र आणि वीज यांचे लग्न फार जुने. पण वीज आमच्याकडे वाकड्या वाटेने आली. आजच्या रायगड जिल्ह्यात खोपोलीचे टाटांचे वीजकेंद्र १९१५ साली सुरू झाले, भिवपुरीचे १९२२ साली आणि भिऱ्याचे १९२७ साली. पाणी सह्याद्रीच्या माथ्यावरचे, ते कोसळणार कोकणात, वीज जाणार मुंबईच्या गिरण्यांना. भिऱ्याला पाणी मिळावे म्हणून मुळशी खोऱ्यातली गावे बुडाली. त्याविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो १९२१ ते १९२४ या काळात. आणि १९२७ सालीच, २० मार्चला, महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर ओंजळीने पाणी प्याले. एकाच साली, एकाच जिल्ह्यात पाण्याच्या या दोन गोष्टी घडल्या. एकीत यंत्र फिरले, दुसरीत माणूस उभा राहिला.

खेड्यापाड्यांत तारा पोचल्या त्या १९६० साली महाराष्ट्र राज्य वीज मंडळ स्थापन झाल्यानंतर, हळूहळू. तोवर जत्रेत तंबूतला सिनेमा आला की तो आपली वीज आपल्याबरोबर घेऊन येई. तंबूमागे डिझेलचे इंजिन धडधडत असे आणि मशीनमध्ये कार्बनच्या दोन कांड्यांमध्ये ठिणगीचा झोत पेटलेला असे. गावात अंधार असला तरी तंबूत उजेड! व्हिडिओ प्रोजेक्टरचे तसे नव्हते. तो सगळा भरवसा गावाच्या तारेवर टाकून आला आणि तिथेच फसला.

१९८२च्या दिल्लीतल्या आशियाई खेळांबरोबर रंगीत टीव्ही आला. मागोमाग आखातात गेलेल्या कोकणी मुसलमानांच्या सामानातून व्हीसीआर आले. माझे मामू कुवेतला होते. १९९० साली इराकने कुवेत घेतले तेव्हा ते मोकळ्या हातांनी परतले. दोन वर्षांनी त्यांनी मुंबईत ग्रँट रोडच्या बाजारातून एक जुना प्रोजेक्टर उचलला. त्याच्या तोंडावर तीन भिंगे होती, एक लाल, एक हिरवे, एक निळे. प्रत्येक भिंगामागे एक छोटी ट्यूब. तिन्ही रंग पडद्यावर एकावर एक बसवायला मामूंना अर्धा तास लागे. जरा हलला की माणसाच्या नाकाला हिरवी सावली. चार माणसांनी उचलायची ती पेटी. लग्नाच्या कॅसेटी, क्रिकेटचे सामने असा तिचा धंदा चाले.

टीव्हीच्या मानाने या ट्यूबा लहान, पण चित्र मात्र भिंतीएवढे पाडायचे. म्हणून ट्यूबमध्ये प्रचंड उजेड लागतो, त्यासाठी सुमारे तीस हजार व्होल्ट लागतात आणि सगळी पेटी तापते. हा भार जो भाग वाहतो तो सप्लाय. घरातली २३० व्होल्टची वीज तो आधी सरळ करतो, मग एक ट्रान्झिस्टर ती सेकंदाला हजारो वेळा तोडतो-जोडतो, आणि त्यातून हवी ती व्होल्टेज काढली जातात. गंमत अशी की बाहेरचे व्होल्टेज पडले की हा सप्लाय कमी काम करत नाही, उलट तेवढेच काम करायला जास्त करंट ओढतो. संध्याकाळी गावातले सगळे दिवे लागले की आमच्याकडे काटा १६० वर यायचा. मध्यरात्री तोच अडीचशेच्या वर. पावसाळ्यात फांदी पडून न्यूट्रल तुटली तर विचारूच नका, एखाद्या घरात बल्ब मिणमिणायचा आणि शेजारच्या घरात फट्‌कन फुटायचा.

मामूंचा पहिला उपाय सर्वांसारखाच होता. फ्यूज उडाला की जाड तार घालायची. तीन वेळा तार घातली, तिसऱ्यांदा आतून धूर निघाला. मग महाडहून मेस्त्री आले. रेडिओ दुरुस्त करता करता टीव्हीपर्यंत पोचलेला हा माणूस. ते म्हणाले, "मामू, फ्यूज तुम्हाला सांगतोय की आत काहीतरी बिघडलंय. तुम्ही त्याचंच तोंड बंद केलंत."

त्यांची एक रीत होती. फ्यूजच्या जागी ते शंभर वॉटचा साधा बल्ब जोडत. आत शॉर्ट असेल तर बल्ब लख्ख पेटतो आणि बाकी काही जळत नाही. बल्ब क्षणभर चमकून मंद झाला तर सप्लाय ठीक. मग ते लाकडी काडीने जोडांवर टकटक करत. तापून थंड होऊन कथलाचे जोड सुटतात, ते असे सापडत. मग कंडेन्सर. त्यांच्या पोटातला ओलावा उष्णतेने सुकतो आणि डोकी फुगतात. शेवटी अंगणातले दिवे घालवून अंधारात पाहायचे. दमट हवेत जास्त व्होल्टेजच्या वायरीतून निळी ठिणगी गळत असेल तर ती तेव्हाच दिसते.

९ मार्च १९९६. बंगळूरला विश्वचषकाची उपांत्यपूर्व फेरी, भारत आणि पाकिस्तान. व्हीसीआरच्या ट्यूनरमधून दूरदर्शनचे चित्र घेऊन मामूंनी अंगणात पडदा लावला होता. अर्धा गाव जमला होता. भारताच्या २८७ धावा झाल्या होत्या आणि पाकिस्तानची सलामी जोरात चालली होती. तेवढ्यात खट्‌ असा आवाज झाला आणि पडदा काळा.

गावात वीज गेली असती तर कुणी काही बोलले नसते. पण समोरच्या घरात दिवा होता, रस्त्यावरचा दिवा होता. फक्त आमचा पडदा गेला होता. अंधारात कुणीतरी म्हणाले, "मुद्दाम बंद केला असेल." पाकिस्तान पुढे असताना मामूंनी मुद्दाम का बंद करावा, हे विचारण्याइतका त्या वाक्यात विचारच नव्हता. पण मुंबईच्या दंगलींना तेव्हा तीन वर्षे झाली होती, आणि असे वाक्य कुठून येते ते सगळ्यांना ठाऊक होते. मामूंनी ऐकले. मीही ऐकले. मी सव्विशीतला, उठायला निघालो. मामूंनी हात धरून खाली बसवले.

मेस्त्री प्रेक्षकांतच होते. त्यांनी पिशवीतून बल्ब काढला. पेटी उघडून सर्वांसमोर जोडला. बल्ब लख्ख पेटला. ट्यूबांकडे जाणारा भार सोडवला, तरी लख्ख. "सप्लायमध्येच शॉर्ट आहे," ते मोठ्याने म्हणाले. ट्रान्झिस्टर गेला होता, त्याच्याशेजारी एक कंडेन्सर फुगला होता. जुन्या टीव्हीच्या भागांतून त्यांनी दोन्ही बसवायला घेतले. तोवर कुणीतरी घरून रेडिओ आणला. आमिर सोहेलने चौकार मारून व्यंकटेश प्रसादला बॅट दाखवली आणि पुढच्याच चेंडूवर त्याची दांडी उडाली, हे सगळ्या देशाने पाहिले. आम्ही ते आकाशवाणीवर ऐकले, हातात टॉर्च धरून. ओरडणाऱ्यांत मामूंचा आवाज मोठा होता. पाऊण तासाने बल्ब चमकून मंद झाला, पडदा उजळला. भारत ३९ धावांनी जिंकला.

माणसे निघाली तेव्हा मामूंनी तो जळका ट्रान्झिस्टर टेबलावर ठेवला होता. येणारा-जाणारा बघत होता. मेस्त्री म्हणाले, "कशाला ठेवता? टाका." मामू म्हणाले, "राहू दे." पुढे तो सुपारीच्या डबीत कित्येक वर्षे होता.

जुलै २००५च्या पुरात महाडच्या बाजारपेठेत पाणी शिरले. प्रोजेक्टर तेव्हा दुरुस्तीसाठी मेस्त्रींच्या दुकानात होता. तो तिथेच संपला. २०२१च्या जुलैमधल्या पुराने दुकानही आवरले. तसल्या ट्यूबा आता कुणी बनवत नाही. मामू नाहीत, मेस्त्री नाहीत.

त्या रात्रीबद्दल मला अजून दोन गोष्टी वाटतात. दोष कुठे आहे हे आधी शोधावे, मग बोट दाखवावे, ही रीत मला मेस्त्रींच्या बल्बने शिकवली. दुसरी गोष्ट मात्र आजही बोचते. बल्ब पेटला नसता, दोष सापडला नसता, तर? आपल्याच अंगणात, आपल्याच गावाला, मामूंना पुरावा द्यावा लागला होता. ती डबी माझ्याकडे आहे. मी ती उघडत नाही, टाकतही नाही.