लंघन, चालणं आणि वजनाचा काटा

ताडकळस हे आमचं गाव. तालुका पूर्णा, जिल्हा परभणी. हल्ली पहाटे गावाबाहेरच्या रस्त्याने फिरणारी माणसं दिसतात. कुणाच्या पायात बूट, कुणाच्या चपला, डोक्याला मफलर, हातात मोबाईल. पूर्वी आमच्याकडे माणूस चालायचा तो कुठंतरी पोचायला. शेताला, बाजाराला, पाहुण्यांच्या गावाला. कुठंच न जाता नुसतं चालून परत यायचं, हे नवीन आहे. आणि या चालणाऱ्यांना न चालणारे जो प्रश्न विचारतात तोही नवीन आहे: "मी जेवणच निम्म्यावर आणलंय. काटा खाली चाललाय. मग फिरायचं कशाला?"

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. हिशेबाने बघितलं तर विचारणाऱ्याची बाजू भक्कम आहे. आपल्या ज्वारीच्या एका मोठ्या भाकरीला साधारण ७० ग्रॅम पीठ लागतं. म्हणजे अडीचशेच्या आसपास कॅलरी. सत्तर किलोचा माणूस साडेचार किलोमीटर झपझप चालला तर खर्च होतात सव्वादोनशे ते पावणेतीनशे. म्हणजे पाऊण तास घाम गाळा किंवा एक भाकर कमी खा, काट्याच्या दृष्टीने सारखंच! एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. ती नुसती चालून घालवायची म्हटलं तर महिना जाईल. तोही चालून आल्यावर भूक लागून भाकर वाढली नाही तर.

ही भुकेची गोष्ट एका इंग्रज माणसाने फार पूर्वी लिहून ठेवली आहे. विल्यम बँटिंग त्याचं नाव. लंडनमध्ये अंत्यविधीची व्यवस्था करण्याचा त्याचा धंदा. माणूस इतका जाड की बुटाची नाडी बांधता येईना, जिना उतरायचा तर उलटा. डॉक्टरांनी व्यायाम सांगितला म्हणून तो पहाटे उठून नदीत होडी वल्हवू लागला. अंगात ताकद आली, पण भूकही अशी भडकली की वजन उलट वाढलं. पुढे कमी ऐकू येतं म्हणून तो विल्यम हार्वी या कानाच्या डॉक्टरकडे गेला. हार्वीने पाव, साखर, बटाटे, बिअर बंद केली. ऑगस्ट १८६२ मध्ये ९२ किलोच्या आसपास असलेला बँटिंग वर्षभरात २१ किलोंनी उतरला. १८६३ मध्ये त्याने स्वखर्चाने एक पुस्तिका छापली आणि ती जगभर गाजली. आहारनियमनाच्या आजच्या लाटेचा उगम शोधत गेलं तर माणूस या पुस्तिकेपाशी पोचतो. आणि तिच्यात व्यायामाची फजिती सांगितलेली आहे!

आता आपल्याकडे काय होतं ते बघू. महाराष्ट्रात व्यायामाची परंपरा मोठी. गावोगाव तालमी, मल्लखांब, जोर-बैठका. अमरावतीचं हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ चं. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी सूर्यनमस्कारांचा एवढा प्रचार केला की त्यांचं म्हणणं १९३८ मध्ये इंग्रजी पुस्तकातून परदेशात गेलं. पण यातली तालीम कशासाठी होती? अंग भरण्यासाठी. पैलवान जोर मारायचा आणि वर दूध, तूप, बदाम असा खुराक घ्यायचा. पोरगं वाळकं दिसलं की म्हातारी माणसं त्याला तालमीत घाला म्हणायची. व्यायाम करून वजन कमी करायचं, ही कल्पना आमच्या आजोबांना सांगितली असती तर त्यांनी आपल्यालाच वेड्यात काढलं असतं.

याहून मागे गेलं तर मात्र एक नवल दिसतं. चरकसंहितेत अतिस्थूल आणि अतिकृश या दोघांनाही निंद्य शरीरांत गणलं आहे. पुढच्याच अध्यायात लंघनाचे दहा प्रकार दिलेले आहेत. लंघन म्हणजे उपास असं आपण समजतो. पण चरकाच्या यादीत उपवास आहे, तहान सोसणं आहे, वारा आणि ऊन अंगावर घेणं आहे, आणि व्यायामही आहे. म्हणजे शरीराला हलकं करणारं ते सगळं लंघन. उपास आणि व्यायाम हे दोन वेगळे पक्ष नव्हते, एकाच घरातले भाऊ होते. वाग्भटाने व्यायामाला आणखी एक अट घातली: करायचा तो अर्ध्या शक्तीनेच, आणि तोही बळकट व स्निग्ध खाणाऱ्या माणसांनी. थोडक्यात, ज्याच्या अंगात शिल्लक आहे त्यानेच खर्च करावा. हे वाक्य आमच्या भागातल्या माणसाला जरा जास्त कळावं, कारण शिल्लक नसताना खर्च करणारी पिढी आम्ही पाहिली आहे.

१९७२ चा दुष्काळ. मराठवाड्यात त्याच्या आठवणी अजून निघतात. रस्त्याच्या कामावर माणसं खडी फोडत होती, बायका पाट्या वाहत होत्या, आणि पोटात सुकडी किंवा परदेशातून आलेल्या लाल मिलोची भाकर. अपुरं अन्न आणि ढोरमेहनत, दोन्ही एकदम. त्या माणसांना कुणी वजन विचारलं नाही. जे उतरलं त्यात चरबी नव्हतीच, हातापायांचं मांस होतं.

याचाच एक मोजूनमापून केलेला प्रयोग अमेरिकेत झाला होता. दुसऱ्या महायुद्धात उपासमार झालेल्यांना पुन्हा कसं उभं करायचं हे शोधण्यासाठी मिनेसोटा विद्यापीठात अँसेल कीज यांनी १९४४-४५ मध्ये ३६ निरोगी तरुण स्वयंसेवक घेतले. २४ आठवडे रोज सरासरी पंधराशे-सोळाशे कॅलरी, आणि आठवड्याला २२ मैल चालणं सक्तीचं. वजन जवळजवळ पाव हिश्श्याने उतरलं. ताकद गेली, मन चिडकं झालं, स्वप्नातही जेवण. पुढे खायला मिळू लागल्यावर चरबी आधी परतली, स्नायू मागून रेंगाळत आले. म्हणजे नुसतं चाललं की मांस टिकतं असंही नाही. अन्न फारच तोडलं, त्यातली डाळ-दूध तोडलं, तर चालणं काही वाचवू शकत नाही.

मग व्यायामाची गरज पहिल्यांदा दिसली कुठे? माझ्या मते बंगालमध्ये. कलकत्त्याजवळच्या एका ज्यूट गिरणीत जाँ मेयर आणि त्यांच्या भारतीय सहकाऱ्यांनी २१३ माणसांचं खाणं, वजन आणि काम तपासलं. निबंध १९५६ चा. जड ओझी वाहणारे खूप खात होते, मध्यम कामाचे त्याहून कमी. इथवर हिशेब बरोबर. पण दुकानात किंवा टेबलापाशी बसून राहणारे आणखी कमी खायला हवे होते, तर ते मेहनत करणाऱ्यांइतकं खात होते आणि वजनाने सगळ्यांच्या पुढे होते. शरीर हलतं असलं की भूक खर्चाच्या मागे मागे येते. हलणं एका मर्यादेखाली गेलं की भुकेचा लगाम सुटतो. ही एका वेळची पाहणी होती, त्यामुळे तिने सगळं सिद्ध होत नाही. पण ती वाचताना मला आमचंच गाव दिसतं. जनाबाई आमच्या जिल्ह्यातल्या गंगाखेडची, आणि तिचं नाव घेतलं की जातं आठवतं. जातं गेलं, रहाट गेला, बाजाराची पायपीट गेली. या सगळ्यातून बाईमाणसाची सुटका झाली हे चांगलंच झालं, त्या कष्टांचे गोडवे मी गाणार नाही. पण भाकरीचा आकार मात्र जात्याच्या काळातलाच राहिला. आणि उपास म्हणाल तर साबुदाणा, शेंगदाणे, तूप... एकादशी अन् दुप्पट खाशी!

आता मूळ प्रश्न. खाणं कमी करून वजन उतरत असेल तर व्यायाम हवाच का? याचं मला सापडलेलं सगळ्यात स्वच्छ उत्तर २०११ मधलं आहे. अमेरिकेत डेनिस व्हिलारियाल आणि सहकाऱ्यांनी ६५ वर्षांवरच्या १०७ स्थूल माणसांचे गट पाडले. एकाला नुसता आहार, एकाला नुसता व्यायाम, एकाला दोन्ही, आणि एक गट तुलनेसाठी. वर्षाने नुसत्या आहारवाल्यांचं वजन १० टक्के उतरलं, दोन्हीवाल्यांचं ९ टक्के. नुसत्या व्यायामवाल्यांचं उतरलंच नाही. काट्यापुरतं बोलायचं तर व्यायामाचा उपयोग शून्य. पण खुर्चीतून उठणं, जिना चढणं, चालणं अशा कामांची परीक्षा घेतली तेव्हा दोन्हीवाले २१ टक्क्यांनी सुधारले, आहारवाले १२ टक्क्यांनी. आणि चरबी सोडून उरलेलं शरीर आहारवाल्यांचं ५ टक्के गेलं, दोन्हीवाल्यांचं ३ टक्के. काटा फक्त किती गेलं ते सांगतो, काय गेलं ते सांगत नाही.

काय गेलं याची आपल्याला जास्त काळजी का हवी, ते पुण्याच्या एका डॉक्टरांनी दाखवलं. केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचेच आकडे छापले. दोघांचाही उंची-वजनाचा निर्देशांक अगदी सारखा, २२.३. पण याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के चरबी, युडकिनांच्या ९.१ टक्के. आपली हाडं बारीक, स्नायू कमी आणि चरबी लपलेली. हे गर्भापासूनचं कुपोषण आहे, असं याज्ञिकांनी पुण्याजवळच्या खेड्यांत वर्षानुवर्षं काम करून मांडलं. पण त्या लेखात त्यांनी गमतीने आणखी एक फरक नोंदवला होता: युडकिन मॅरेथॉन धावतात, तर याज्ञिकांचं धावणं म्हणजे रोज सकाळी दवाखान्याच्या लिफ्टचं दार बंद होण्याआधी ते गाठणं.

आमच्या गावात ज्यांची 'शुगर निघते' त्यांतले कितीतरी दिसायला लुकडेच असतात. त्यांनी नुसतं जेवण तोडलं तर मुळात थोडं असलेलं मांस आणखी थोडं होतं. आणि जेवणानंतरची बरीचशी साखर ओढून घेणारे ते स्नायूच. चेन्नईला ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ माणसांवर केलेला अभ्यास २००६ मध्ये आला. आहार आणि चालणं-फिरणं सुधारलेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं. वजन फारसं न घटता!

म्हणून मला आपल्याकडच्या दोन वेळा जेवण्याच्या पद्धतीचं नवल वाटतं. तिचं मूळ डॉ. श्रीकांत जिचकारांच्या व्याख्यानांत. २००४ मध्ये त्यांचं अपघाती निधन झालं. पुढे लातूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात अध्यापक असलेल्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी ती घरोघर पोचवली. कडक भूक लागते त्या दोनच वेळा जेवायचं, प्रत्येक वेळी ५५ मिनिटांच्या आत. यावर वाद झाले, ते बाजूला ठेवू. पण त्याच पद्धतीत ४५ मिनिटांत साडेचार किलोमीटर चालणंही आहे. गावात पहिला अर्धा भाग सगळ्यांना पाठ. दुसरा वाटेत कुठंतरी गळला. खाणं सोडायला वेळ लागत नाही, चालायला पाऊण तास लागतो, हे एक कारण. दुसरं असं की वजन रोज मोजता येतं. मांडीतलं बळ मोजायचं यंत्र घरात नसतं.

तेव्हा विचारणाऱ्याला माझं उत्तर असं. वजन उतरवायला व्यायाम लागत नाही, तिथे तुमचं बरोबर आहे. पण उतरल्यावर जे शरीर हाती राहील ते कसं असावं, याला लागतो. भाकर एक कमी करा, वरण कमी करू नका. चाला, आणि आठवड्यातून दोन-तीनदा बैठका मारा किंवा ओझं उचला, अर्ध्या शक्तीने. साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन चालू असेल तर जेवण तोडण्याआधी डॉक्टरांना विचारा. आणि दिवसभर कापूस वेचून चतुर्थी, गुरुवार, एकादशी करणाऱ्या बाईला यातलं काहीही सांगू नका. तिचं लंघन केव्हाच पुरं झालंय. तिच्या ताटात एक वाटी डाळ वाढा.