कावेरीकाठची टोपली आणि रेंजवरचा धडा

तंजावर म्हटले की मराठी माणसाला सरफोजीराजे, सरस्वती महाल आणि बृहदीश्वराच्या भिंतीवर 1803 साली कोरलेला भोसल्यांचा शिलालेख आठवतो. इथे पोस्टिंग आले की आपला प्रत्येक जवान एकदा तरी तो लेख बघून येतो. मला मात्र आज लिहायचे आहे ते इथल्या गावांतल्या बास्केटबॉलबद्दल. तिरुवैयारूच्या बाजूला जाताना शाळांच्या मैदानांवर बोर्ड आणि रिंग दिसते. बोर्डाचा रंग उडालेला, जाळी फाटलेली किंवा नाहीच, पण खाली चेंडू मारणारी पोरे असतात. भाताच्या या मुलखात हा अमेरिकी खेळ आला कुठून?

खेळाचा जन्म डिसेंबर 1891 मधला. अमेरिकेतल्या स्प्रिंगफिल्ड गावी वायएमसीएच्या प्रशिक्षण शाळेत जेम्स नेस्मिथ शिकवत होते. हिवाळ्यात पोरांना घरात खेळता येईल असा खेळ हवा होता. त्यांनी पीच फळांच्या टोपल्या दहा फुटांवर ठोकल्या आणि 13 नियम लिहिले. उंची आजही तीच, 3.05 मीटर. याच स्प्रिंगफिल्डमध्ये शिकलेले हॅरी क्रो बक मद्रासला आले आणि 1920 मध्ये त्यांनी वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय सुरू केले. तिथे घडलेले पीटी मास्तर दक्षिणेतल्या शाळाशाळांत पोहोचले आणि खेळही त्यांच्याबरोबर गेला. 1934 मध्ये दिल्लीत पहिली राष्ट्रीय स्पर्धा झाली, 1950 मध्ये राष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. पुढे फौजेने हा खेळ आपलासा केला. सर्व्हिसेसकडून खेळलेले खुशीराम 1967 चे अर्जुन पुरस्कार विजेते.

नेम मारण्याची पद्धत मात्र मधल्या काळात पार बदलली. सुरुवातीला दोन्ही पाय जमिनीत रोवून, दोन्ही हातांनी छातीपासून चेंडू फेकायचे. 30 डिसेंबर 1936 रोजी न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये स्टॅनफर्डच्या हँक लुइसेटीने एका हाताने शॉट मारून दाखवले आणि सलग 43 सामने जिंकलेला लाँग आयलंड विद्यापीठाचा संघ हरला. त्याआधी जाणते कोच एका हाताच्या शॉटला हसत असत. 1940 च्या दशकात उडी मारून शॉट घेणारे आले. 1984 मध्ये आंतरराष्ट्रीय नियमांत तीन गुणांची रेषा आली आणि लांबच्या नेमाची किंमत वाढली. पद्धत बदलली तसा सरावही बदलत गेला.

इथल्या मैदानावर मी पाहिले ते असे. पोरे तासभर चेंडू मारतात, पण मोजत कोणी नाही. एका आवडत्या जागेवरून मारत राहायचे, चार गेले की खूश. यावर आपल्या फायरिंग रेंजचा धडा लागू पडतो. उस्ताद आधी ग्रुपिंग बघतो. पाच गोळ्या एकमेकींजवळ बसल्या पण मध्यापासून बाजूला असल्या, तर नेम सुधारता येतो. पाचही विखुरल्या, तर आधी पकड आणि श्वास दुरुस्त करायचा. चेंडूचेही तसेच आहे. डावीकडे-उजवीकडे चुकत असेल तर कोपर आणि मनगट बघा. आखूड-लांब पडत असेल तर पायांचा जोर आणि चेंडूची कमान बघा.

कमानीचा हिशेब सोपा आहे. रिंगचा व्यास 45 सेंटीमीटर, चेंडूचा साधारण 24. चेंडू 45 अंशांनी खाली आला तर त्याला सुमारे 32 सेंटीमीटरचे तोंड मिळते. 30 अंशांनी सपाट आला तर फक्त साडेबावीस, म्हणजे रिंगला न लागता तो आत जाऊच शकत नाही.

दुसरा मुद्दा जागा बदलण्याचा. केर आणि बूथ यांचा 1978 चा प्रयोग प्रसिद्ध आहे. आठ वर्षांच्या मुलांच्या एका गटाने तीन फुटांवरूनच पिशवी फेकण्याचा सराव केला, दुसऱ्याने दोन आणि चार फुटांवरून. परीक्षा तीन फुटांवर घेतली, तर दुसरा गट सरस ठरला. एकच अंतर घोटण्यापेक्षा अंतर बदलल्याने हाताला अंदाज येतो.

म्हणून माझा क्रम असा. आधी रिंगपासून चार-पाच फुटांवरून एका हाताने 20 शॉट, कोपर सरळ, मनगट शेवटपर्यंत वाकलेले. दहापैकी आठ जायला लागले की एक पाऊल मागे. मग पाच जागा ठरवून प्रत्येक जागी दोनच शॉट, आणि फेरी पुन्हा सुरू. प्रत्येक चुकीची वहीत नोंद: डावा, उजवा, आखूड, लांब. शेवटी मैदानाच्या दोन फेऱ्या धावून दम लागलेला असताना 4.6 मीटरवरून दोन फ्री थ्रो. सामन्यात फ्री थ्रो दमलेल्या हातानेच मारायचे असतात.

मोजण्याचा आग्रह का, तर इथे वेळ थोडा. रिवाजाप्रमाणे 12 जूनला मेट्टूरचे पाणी सुटते, कल्लणैवरून ते कालव्यांत वाटले जाते आणि शेतकामे सुरू होतात. ऑक्टोबर ते डिसेंबर ईशान्य मान्सून, तेव्हा मातीच्या मैदानावर चेंडू उसळत नाही. शेतकऱ्याला पाण्याची पाळी मोजून मिळते, तशी या पोरांना चेंडूची पाळी मिळते.

आणि त्यांच्यासाठी हा नुसता विरंगुळा नाही. मैलाडुतुरैला साईचे प्रशिक्षण केंद्र आहे. रेल्वे, बँका, पोलीस आणि फौज यांत स्पोर्ट्स कोट्याची दारे आहेत. त्या दारातल्या ट्रायलला उंची नसलेला शेतमजुराचा पोरगा उभा राहिला, तर त्याच्याजवळ दाखवायला नेमच असतो. उंची सरावाने वाढत नाही, नेम वाढतो. निवृत्त बांधवांनो, तुमच्या गावच्या शाळेत रिंग असेल तर संध्याकाळी जरा तिकडे जा. शिट्टी नसली तरी चालेल, वही आणि पेन्सिल तेवढी न्या. ग्रुपिंग कसे वाचायचे ते तुम्हाला शिकवावे लागणार नाही.