रोशा गवताचा गुलाब

मागच्या खेपेला आपण उदबत्तीविषयी बोललो. तेव्हा एका ताईंनी बाजारातून आणलेली सेंटची बाटली पुढे केली. वर गुलाब आणि पीचचं चित्र. त्या म्हणाल्या, "यात खरंच फूल-फळ असतं का हो?" आज त्याचीच गोष्ट.

फळाचं आधी सांगून टाकू. लिंबू-संत्र्याच्या सालीतून तेल निघतं. पण पीच किंवा आंबा भट्टीत घालून तसं तेल काढता येत नाही. पॅरिसच्या गेर्लां कंपनीचं १९१९ सालचं 'मित्सुको' हे अत्तर पीचच्या वासासाठी नावाजलं गेलं, पण तो वास प्रयोगशाळेत तयार केलेल्या द्रव्याचा होता.

गुलाबाचं तेल मात्र निघतं. किलोभर तेलाला तीन-चार हजार किलो फुलं लागतात, म्हणजे भाव काय असेल बघा! आणि जे महाग, त्यात भेसळ आलीच. दुधातुपाचं आपण बघतोच. गुलाबाच्या तेलात जी भेसळ होई, ती आपल्या खानदेशातून जाई.

सांधे दुखले की आजी रोशाचं तेल चोळायची, आठवतं? तेच ते. १८८० च्या खानदेश गॅझेटियरमध्ये या तेलाची माहिती आहे. नंदुरबार, शहादा, तळोदा, पिंपळनेर या भागांत ओढ्याकाठी भट्ट्या लागत. मोठ्या कढईत गवत दाबून भरायचं, पाणी घालायचं, झाकणाच्या कडा पिठाने लिंपायच्या. आत कोंडलेली वाफ पोकळ बांबूतून वाहत्या पाण्यात ठेवलेल्या भांड्यात यायची आणि थंड झाली की पाण्यावर तेल तरंगायचं. पिठाने झाकण लिंपणं आपल्याला काही नवीन नाही, म्हणून हे जरा सविस्तर सांगितलं.

तिथून तेल मुंबईला, मुंबईहून जहाजाने पुढे थेट कॉन्स्टँटिनोपलपर्यंत, म्हणजे आजच्या इस्तंबूलला. तिथले व्यापारी त्यात लिंबाचा रस घालून ते उन्हात ठेवत, म्हणजे रंग फिका आणि वास मऊ होई. मग ते बल्गेरियातल्या गुलाबाच्या मळ्यांकडे जाई. तिथले काही जण तर ते पाकळ्यांवरच शिंपडून भट्टी लावत, म्हणजे ओळखायलाच नको.

युरोपच्या बाजारात या तेलाला नाव पडलं 'टर्किश जिरॅनियम'. गवत ना तुर्कस्तानचं, ना जिरॅनियमच्या जातीचं! १८७१ साली याकोबसेन या जर्मन रसायनतज्ज्ञाने याच गवताच्या तेलातून सुवासाचं मुख्य द्रव्य वेगळं काढलं, तेव्हा त्यालाही नाव मिळालं जिरॅनिऑल. हेच द्रव्य गुलाबातही असतं. म्हणून तर भेसळ खपून जायची. रोशाच्या तेलात त्याच्या जोडीला थोडं जिरॅनाइल ॲसिटेटही असतं. त्याचा वास फुलाचा आणि फळाचा मिळून येतो. ताईंच्या बाटलीवरचं चित्र आठवा.

भेसळीचं समर्थन आम्ही करणार नाही. पण मनाला लागतं ते वेगळंच. बंदरांची, व्यापाराची माहिती पुस्तकांत मिळते. रानातून डोक्यावर भारे आणणाऱ्यांची नावं मात्र आम्हाला कुठे सापडली नाहीत. आपल्या गटातल्या मालावर दुसऱ्याचं लेबल लागतं, तेव्हा बाया का चिडतात, ते इथे कळतं.

हे गवत अजून आहे. त्याच्या दोन जाती, मोतिया आणि सोफिया, दिसायला अगदी सारख्या. पाऊस सरता सरता गवत फुलोऱ्यात येतं, तेव्हा शेंडा बोटांवर चोळून बघा. गुलाबासारखा वास आला तर मोतिया, आल्यासारखा उग्र आला तर सोफिया. कुणी रोशा म्हणतं, कुणी रोहिष, कुणी तिखाडी. तुमच्या गावात काय म्हणतात, ते आम्हाला जरूर कळवा.