दोन राज्यें आणि एक रूळ



दोन देशांमधून धावणारी आगगाडी चांगली कीं वाईट, हें कशावरून ठरवावें? डबे स्वच्छ असले, गाडी वेळेवर सुटली, बसावयास ऐसपैस जागा मिळाली, म्हणजे उतारूचें समाधान होतें. इतिहास मात्र आणखी एक प्रश्न विचारतो : सरहद्द आली म्हणजे त्या गाडीचें काय होतें?

बुलढाणा जिल्ह्यांतील आमच्या बीबी गांवाला रूळ नाहीं. गाडी गांठावयाची तर आम्ही सिंदखेडराजावरून जालन्यास जातों. आज ही सारी वाट महाराष्ट्रांतली. परंतु १८५३ पासून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे होता आणि जालना निजामाच्या मुलखांत. तेथील नाणें निराळें आणि जकातही निराळी. तिला करोडगिरी म्हणत. १९०० च्या सुमारास जालन्यास आगगाडी आली, ती मीटर मापाच्या रुळावरून. मनमाडला तिची साडेपांच फुटी रुळाशीं गांठ पडे. तेथें उतारूनें गाडी बदलावयाची, आणि मालाच्या गोण्या हमालांनीं एका डब्यांतून दुसऱ्या डब्यांत टाकावयाच्या.

गोव्याची गोष्ट याच्या उलट. १८७८ सालीं इंग्रज व पोर्तुगीज यांच्यामध्यें तह झाला. त्यानें दोन्ही मुलखांमधील जकातीची भिंत दूर केली. इंग्रजांनीं पोर्तुगीजांना सालीना चार लाख रुपये द्यावयाचे ठरलें, आणि गोव्याच्या मिठाचा कारभार इंग्रजांच्या हातीं गेला. त्याची झळ मिठागरांवर पोट भरणाऱ्या गोमंतकीयांना बसली. त्याच तहान्वयें मुरगांव बंदरापासून घाट चढून येणारा लोहमार्ग आंखला गेला, आणि १८८८ सालीं तो कॅसलरॉकला इंग्रजी मुलखांतील रुळाशीं जोडला गेला. दूधसागराजवळची चढण मोठी बिकट. परंतु दोन्हीकडे माप मीटरचेंच असल्यामुळें रूळ कोठें तुटत नव्हता.

तुटला तो तह. १८९२ सालीं त्याची मुदत संपली आणि जकातीची भिंत पुन्हां उभी राहिली. कॅसलरॉकला इंग्रजांचें नाकें, तर घाटाखालीं कुळ्याला पोर्तुगीजांचें! पुढें परकी सत्ता हटावी म्हणून १९५५ सालीं भारत सरकारनें गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली, आणि सरहद्द ओलांडणारी गाडी थांबली. रूळ जागच्या जागीं होते, मापही जुळत होतें. १९ डिसेंबर १९६१ रोजीं गोवा मुक्त झाला आणि त्यानंतर ती वाट मोकळी झाली.

बाहेरच्या जगांतही हाच अनुभव येतो. स्पेनचा रूळ फ्रान्सच्या रुळाहून रुंद. तरीही १९६९ सालीं बार्सिलोनाहून जिनीव्हाला जाणारी टाल्गो गाडी सुरू झाली, तिचीं चाकें सरहद्दीवर आपलें अंतर बदलून घेत. उलट अटारी आणि लाहोर येथील रूळ एकाच मापाचे, एकाच काळच्या राज्यकर्त्यांनीं टाकलेले. तेथें १९७६ सालीं सुरू झालेली समझौता एक्सप्रेस २०१९ सालीं बंद पडली.

विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांत मनमाडचा आणि गोव्याचा, दोन्ही मार्ग रुंद झाले. मापाचा अडथळा पैशानें व कौशल्यानें दूर होतो, असें त्यावरून दिसतें. दोन शेजाऱ्यांतील विश्वास मात्र कोणत्याही कारखान्यांत घडवितां येत नाहीं. आणि परदेशीं जाणारी गाडी चालते ती अखेर त्याच्याच बळावर.