जनवाड्यातली मोरपंखी

संक्रांत चार दिवसांवर आली आहे. बीदरजवळच्या जनवाड्यात भल्या पहाटे तुम्ही मोरपंखीचं रोप घेऊन अंगणात उभे आहात. तोंडातून वाफ निघते. मांजरा नदीकडून येणारा वारा कानशिलं बधिर करतो. शेजारच्या काकू कुंपणावरून विचारतात, "फूल नाही, फळ नाही, हे कशाला लावायलाव?" उत्तर शोधत तुम्ही रोपाची काळी पिशवी फाडता. गार माती बोटांना लागते.

बोटं वर उचलता तेव्हा ती ओल्या चुन्याने माखलेली असतात.

बीदर. 1470 चं दशक. तुमच्यासमोर महमूद गवानाचा मदरसा उभा राहतो आहे. कारागीर भिंतीवर फरशा बसवताहेत: निळ्या, पांढऱ्या, पिवळ्या, हिरव्या. तुम्ही एक हातात घेता. वरचा काचेसारखा थर दवाने ओला आहे, त्याखाली वेलपत्ती. गवान कॅस्पियन समुद्राकाठच्या गिलानचा. 1453 मध्ये व्यापारी म्हणून दाभोळला उतरला आणि पुढे बहमनी राज्याचा वजीर झाला. त्याच्या मुलखाजवळच्या एल्बुर्झच्या उतारांवर सरू रानात उगवतो, मोरपंखीसारखाच सूचिपर्णी आणि बारमाही हिरवा. (आपल्या कोकणातला सुरू ऑस्ट्रेलिया आणि आग्नेय आशियातला, सूचिपर्णी नव्हेच; त्याने फक्त या इराणी झाडाचं नाव घेतलं.) फरशीवरून बोट फिरवताना तुम्हाला त्या माणसाची ओढ कळते. कधीही न सुकणारं पान त्याने भाजलेल्या मातीतून इथे उभं केलं.

गर्दीत एक गोरा, दाढीवाला परदेशी दिसतो. अफानासी निकितिन, रशियातल्या त्वेरचा व्यापारी. चौलला उतरून, जुन्नरला पावसाळा काढून तो बीदरला आला आहे. आपल्या पावसाळ्यालाच त्याने हिवाळा म्हटलं: चार महिने रात्रंदिवस पाणी आणि चिखल. त्याच्या बाजूला उभे राहा आणि त्याचा खरा हिवाळा डोळ्यांसमोर आणा. बर्फाखाली जमीन दगडासारखी गोठलेली, पाणी असून मुळांना मिळत नाही. म्हणून तिकडचा स्प्रूस पान सुईएवढं बारीक ठेवतो, त्यावर मेणाचा थर चढवतो आणि घोटभर ओल जपत वसंताची वाट पाहतो.

आता एप्रिलमधली जनवाड्याची काळी जमीन आठवा. हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात, पाणी खोल जातं. कारण वेगळं, तहान तीच. सूचिपर्णी झाडाचं चिलखत या दोन्ही तहानांसाठी आहे. पण बीदरच्या उन्हात स्प्रूस किंवा देवदार आणू नका, तो बिचाऱ्या झाडावर अन्याय होईल. त्यांना थंडीची लांब झोप लागते. मोरपंखी आणि सरू मात्र आपलं ऊन सोसतात.

कोणीतरी हाक मारतं. काकूच.

तुम्ही पुन्हा अंगणात आहात. या झाडाला इथे खरी भीती पावसाळ्याची, निकितिनच्या त्या चिखलाची. काळ्या मातीत पाणी साचलं की मुळं गुदमरून कुजतात, आणि झाड तपकिरी पडेपर्यंत वर काहीच कळत नाही. म्हणून तुम्ही खड्डा खोल नेत नाही. मुरूम मिसळून वीतभर उंचवटा करता आणि मातीचा गोळा न फोडता रोप वर बसवता. कात्री चालवायची ती हिरव्या शेंड्यापुरतीच. आतल्या तपकिरी, उघड्या फांदीला पुन्हा पालवी येत नाही. थंडीतच मुळं धरली तर उन्हाळा पेलेल.

काकू घागर घेऊन आत येतात. "सर बाजूला," म्हणतात आणि बुंध्यापासून थोडं दूर, गोल गोल, सावकाश पाणी सोडतात. मातीतून बुडबुडे येतात.