शेगडीचा तंबू

शेगडीचा तंबू (प्रचलित नाव: हॉट टेंट) म्हणजे ज्याच्या आत धुराड्यासह शेगडी सुरक्षितपणे पेटवता येते असा, कडाक्याच्या थंडीतील मुक्कामासाठी वापरला जाणारा तंबू होय. उत्तर अमेरिका व स्कँडिनेव्हियातील शिकारी, लाकूडतोडे, सैनिक आणि हिवाळी पदभ्रमण करणारे लोक अशा तंबूंचा वापर करतात. पाठीवरून वाहून नेता येतील इतके हलके प्रकार प्रामुख्याने सिलिकॉनचा लेप दिलेले नायलॉन किंवा पॉलिएस्टर कापड आणि टायटॅनियमची घडीची शेगडी यांमुळे शक्य झाले आहेत. भारतात वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ आणि त्यातील १९९१ची दुरुस्ती यांमुळे शिकारीवर जवळजवळ संपूर्ण बंदी आहे. त्यामुळे येथे या तंबूचा प्रश्न गिर्यारोहण, हिमालयातील पदभ्रमण आणि सैन्यदलांच्या छावण्या यांच्या संदर्भात उपस्थित होतो.

इतिहास

तंबूच्या मध्यभागी अग्नी ठेवून धूर शेंड्यातून बाहेर सोडण्याची पद्धत प्राचीन आहे. उत्तर अमेरिकेतील मैदानी प्रदेशातील आदिवासींची 'टिपी' आणि उत्तर युरोपातील सामी लोकांचा 'लाव्वू' ही शंकूच्या आकाराची निवासस्थाने याच तत्त्वावर उभारली जात. टिपीवरून प्रेरणा घेऊन अमेरिकी सैन्यातील अधिकारी हेन्री हॉपकिन्स सिबली यांनी १८५६ मध्ये एका खांबावर उभ्या राहणाऱ्या शंक्वाकृती तंबूचे एकस्व मिळवले. या तंबूत पत्र्याची शंक्वाकृती शेगडी वापरली जात असे. आजच्या हलक्या तंबूंचा आकारही बहुतांशी असाच, म्हणजे एक खांब, परिघावर मेखा आणि आवश्यक तेथे तणावे असा असतो.

रचना

शेगडीच्या तंबूचे तीन मुख्य भाग असतात.

कापड: जाड सुती किरमिज ठिणग्यांना बऱ्यापैकी दाद देत नाही आणि आतील बाष्प काही प्रमाणात बाहेर जाऊ देते, परंतु ते जड असते. चार माणसांच्या किरमिजी तंबूचे वजन सहज १५ किलोग्रॅमच्या पुढे जाते, म्हणून तो वाहन किंवा खेचर पोहोचते तेथेच उपयोगी पडतो. सिलिकॉन-लेपित नायलॉनचा त्याच आकाराचा तंबू सुमारे २ ते ३ किलोग्रॅमचा असतो. मात्र नायलॉन त्याच्या प्रकारानुसार सुमारे २२० ते २६५ अंश सेल्सिअसला वितळते. पेटलेल्या शेगडीचा पत्रा याहून अधिक तापतो, म्हणून कापड आणि शेगडी यांत पुरेसे अंतर राखावे लागते. ठिणगी पडल्यास अशा कापडाला भोक पडते.

शेगडी: पोलादी शेगडी टिकाऊ व स्वस्त, पण जड असते. टायटॅनियमची शेगडी धुराड्यासह सुमारे १ ते २ किलोग्रॅममध्ये बसते. तिचे पत्रे सुटे करून पिशवीत ठेवता येतात आणि धुराडे पातळ पत्रा गुंडाळून तयार केले जाते. पत्रा पातळ असल्याने ती लवकर तापते आणि तितक्याच लवकर गार होते.

धुराड्याचे छिद्र: धुराडे छतातून बाहेर काढण्यासाठी सिलिकॉन-लेपित काचतंतूच्या कापडाची उष्णतारोधक चकती शिवलेली असते. तिला 'स्टोव्ह जॅक' म्हणतात. धुराड्याच्या तोंडाशी ठिणग्या अडवणारी जाळी बसवतात. ज्या तंबूला असे छिद्र मुळातच नाही, तो शेगडीसाठी योग्य समजला जात नाही.

उष्णतेचे गणित

एकपदरी कापड उष्णता रोखत नाही. ते केवळ वारा अडवते. त्यामुळे शेगडी पेटती असेपर्यंतच तंबू उबदार राहतो. ४ मीटर व्यासाच्या आणि २.२ मीटर उंचीच्या शंक्वाकृती तंबूच्या भिंतीचे क्षेत्रफळ सुमारे १९ चौरस मीटर भरते. दर चौरस मीटरमागे, दर अंश फरकास ५ वॅट उष्णता बाहेर जाते असे धरल्यास, आतील तापमान बाहेरच्यापेक्षा २० अंशांनी अधिक ठेवण्यासाठी सुमारे १.९ किलोवॅट उष्णता सतत लागते. वाळलेल्या लाकडात किलोग्रॅममागे सुमारे ४ किलोवॅट-तास ऊर्जा असते. त्यातील निम्मी तंबूला मिळाली तर तासाला जवळजवळ १ किलोग्रॅम आणि दहा तासांच्या रात्रीला ९ ते १० किलोग्रॅम लाकूड लागते.

लहान शेगडीत एका वेळी थोडेच लाकूड मावते आणि ते तासाभराच्या आत संपते. रात्रभर ऊब हवी असेल तर कोणीतरी जागे राहून सरपण घालत राहिले पाहिजे. म्हणून ही शेगडी प्रत्यक्षात संध्याकाळी कपडे व बूट वाळवणे, बर्फ वितळवून पाणी करणे, स्वयंपाक आणि पहाटेची तयारी यांसाठी असते. झोपेतील संरक्षण स्लीपिंग बॅग आणि जमिनीवरील मॅट यांवरच अवलंबून असते. शेगडी आहे म्हणून स्लीपिंग बॅग हलकी घेणे धोक्याचे असते, कारण ओले सरपण, तुटलेले धुराडे किंवा आजारपण यांपैकी एक कारणही रात्री शेगडी बंद पडण्यास पुरेसे ठरते.

कार्बन मोनॉक्साइडचा धोका

अपुऱ्या हवेत इंधन जळल्यास कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला रंग नसतो आणि वासही नसतो. रक्तातील हिमोग्लोबिनशी तो ऑक्सिजनच्या तुलनेत २०० पटींहून अधिक घट्टपणे जोडला जातो, त्यामुळे शरीराला ऑक्सिजन मिळेनासा होतो. डोकेदुखी, मळमळ, चक्कर व ग्लानी ही त्याची लक्षणे आहेत. उंचीवरील विरळ हवेच्या त्रासाची लक्षणे बरीचशी अशीच असल्याने हिमालयात विषबाधा ओळखणे अधिक कठीण जाते, आणि झोपलेल्या माणसाला तर लक्षणे जाणवतही नाहीत. जानेवारी २०२० मध्ये नेपाळमधील दमन येथे बंद खोलीत गॅस हीटर लावून झोपलेल्या केरळमधील आठ पर्यटकांचा मृत्यू झाला होता.

धुराडे असलेली लाकडाची शेगडी धूर आणि बाष्प दोन्ही बाहेर ओढून नेते. घमेल्यातील निखारे, कोळशाची शेगडी आणि धुराडे नसलेला गॅस हीटर यांत ही सोय नसते, म्हणून तंबूच्या आत त्यांचा वापर प्राणघातक ठरू शकतो. विस्तव विझत आल्यासारखा दिसला तरी निखाऱ्यांतून हा वायू निघत राहतो. गॅसचा आणखी एक दोष असा की १ किलोग्रॅम प्रोपेन किंवा ब्यूटेन जळल्यावर सुमारे १.६ किलोग्रॅम पाणी वाफेच्या रूपाने तयार होते. धुराडे नसल्यास ते कापडावर व पांघरुणावर साचते. शिवाय ब्यूटेन शून्य अंश सेल्सिअसच्या खाली जवळजवळ बाष्परूप होत नाही, त्यामुळे ऐन थंडीत ब्यूटेनचा डबा निकामी होतो.

भारतातील परिस्थिती

पश्चिम हिमालयात साधारणपणे ३,५०० मीटरच्या आसपास वृक्षरेषा संपते. लडाख तर शीत वाळवंटच आहे. सरपणच नसलेल्या प्रदेशात लाकडाची शेगडी हे केवळ ओझे ठरते. एव्हरेस्टचा नेपाळकडील पायथ्याचा तळ सुमारे ५,३६० मीटर उंचीवर आहे. पुण्यातील 'गिरिप्रेमी' संस्थेने २०१२ मध्ये एव्हरेस्टवर आणि २०१९ मध्ये कांचनगंगेवर मोहिमा केल्या. अशा उंचीवरील वरच्या तळांवर वाऱ्याला तोंड देणारे दुहेरी भिंतींचे घुमटाकार तंबू आणि पिसांच्या स्लीपिंग बॅग वापरण्याची पद्धत आहे.

सैन्यदलांच्या स्थिर छावण्यांत केरोसीनवर चालणारी 'बुखारी' रूढ आहे. तिच्यातून होणारी विषबाधा आणि भडका टाळण्यासाठी संरक्षण संशोधन व विकास संस्थेच्या दिल्लीतील 'डीपास' या प्रयोगशाळेने 'हिम तापक' हे उपकरण विकसित केले. ते २०२१ मध्ये जाहीर झाले. त्याच वर्षी फेब्रुवारीत लडाखमधील अभियंते सोनम वांगचुक यांनी सुमारे दहा जवानांसाठी सौर ऊर्जेने तापणारा तंबू सादर केला. त्याच्या सुट्या भागांपैकी प्रत्येकाचे वजन ३० किलोग्रॅमपेक्षा कमी असून, बाहेर उणे १४ अंश असताना रात्री दहा वाजता आत १५ अंश सेल्सिअस तापमान असल्याचे त्यांनी नोंदवले.

पिंपरी-चिंचवड व चाकण परिसर

पिंपरी-चिंचवड, तळेगाव व चाकण या औद्योगिक पट्ट्याच्या जवळ लोहगड, विसापूर, तिकोना, तुंग व राजमाची हे किल्ले, पवना धरणाचा जलाशय आणि भीमाशंकर अभयारण्य (स्थापना १९८५) आहे. त्यामुळे येथील रहिवाशांत तंबूतील मुक्काम लोकप्रिय आहे. येथील थंडी मात्र सौम्य असते. पुण्यात नोंदवले गेलेले नीचांकी तापमान १.७ अंश सेल्सिअस (१७ जानेवारी १९३५) आहे. इतक्या थंडीला साधा तंबू, योग्य स्लीपिंग बॅग आणि जाड मॅट पुरते. शेगडीच्या तंबूची गरज भासत नाही. राखीव वनांत व अभयारण्यांत विस्तव पेटवणे आणि लाकूड गोळा करणे यांवर भारतीय वन अधिनियम, १९२७ व वन्यजीव अधिनियमाचे निर्बंध आहेत. शेकोटी जेथे परवानगी असते तेथेही ती तंबूपासून दूर, उघड्यावर केली जाते.

निवडीचे निकष

• सरपण: मुक्कामाच्या जागी वाळलेले लाकूड कायदेशीररीत्या उपलब्ध नसेल तर शेगडीचा तंबू निवडला जात नाही.
• माणसे व दिवस: ४ किलोग्रॅमचा तंबू व शेगडी चार जणांत वाटल्यास प्रत्येकी १ किलोग्रॅम ओझे येते, एकट्याला ते परवडत नाही. एकाच तळावर अनेक दिवस राहायचे असल्यास लाभ अधिक असतो.
• दमटपणा: ओला बर्फ व पावसाच्या प्रदेशात कपडे वाळवण्याची सोय महत्त्वाची असते, कोरड्या थंडीत तिचे महत्त्व कमी होते.
• वारा: एका खांबाचा तंबू उघड्या कड्यावर टिकाव धरत नाही, तेथे घुमटाकार तंबू श्रेयस्कर ठरतो.
• झोपण्याची सामग्री: स्लीपिंग बॅग बाहेरच्या अपेक्षित नीचांकी तापमानानुसार निवडली जाते, आतील तापमानानुसार नव्हे.
• सुरक्षा: खाली व वर हवेसाठी झरोके, बॅटरीवरील कार्बन मोनॉक्साइड सूचक, झोपण्यापूर्वी विस्तव पूर्ण विझवणे किंवा आळीपाळीने पहारा, आणि दाराजवळ हाताशी सुरी या बाबी आवश्यक मानल्या जातात. आग लागल्यास सुरीने कापड फाडून बाहेर पडता येते.

हे सुद्धा पहा

• गिर्यारोहण
• कार्बन मोनॉक्साइड विषबाधा
• हिमदंश
• भीमाशंकर अभयारण्य